दुर्बिणीची किंमत



तलासरीला एका शाळेत माझे इतिहासावर व्याख्यान होते. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एका तरुण गुरुजींनी वर्तमानपत्राचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. त्यात रायफलीचे एक छायाचित्र होते आणि रायफलीच्या पाठीवर हातभर लांबीची एक नळी बसवलेली होती. गुरुजी म्हणाले, "सर, या नळीची किंमत म्हणे कित्येकदा रायफलीइतकी, वेळप्रसंगी तिच्यापेक्षाही जास्त असते. हे शहाणपणाचं आहे का? बंदूक मारते की नळी मारते?"

मी काही बोलण्याआधीच कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या वारली गृहस्थाने उत्तर दिले. हे बाबा महालक्ष्मीच्या डोंगराखालच्या एका पाड्यावरचे. तलासरीला मुलीकडे आले होते आणि नातवाबरोबर व्याख्यानाला येऊन बसले होते. ते म्हणाले, "नळीतून बघितलं म्हणून झाड थोडंच बाजूला होणार, मास्तर?"

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आले की, गुरुजींचा प्रश्न आणि बाबांचे उत्तर या दोन्हींच्या पाठीशी दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा थेट आपल्या महाराष्ट्रातून गेलेला आहे. आज तोच आपल्यापुढे मांडतो.

आधी नेम म्हणजे काय ते पाहू. बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो. मराठीत त्याला माशी म्हणतात. नळीवर खरोखरच एखादी माशी येऊन बसावी तसा तो दिसतो. डोळ्याजवळ एक खाच असते. खाच, माशी आणि सावज ही तिन्ही एका रेषेत आली की चाप ओढायचा. सांगायला सोपे, पण माणसाच्या डोळ्याला ते सोपे नाही. खाच वीतभर अंतरावर, माशी दोन-तीन हातांवर आणि सावज दोनशे हातांवर. या तिन्ही वस्तू डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. एक नीट पाहावी तर दुसरी पुसट होते. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. सुईत दोरा ओवताना आम्ही ते रोज अनुभवतो.

दुर्बिणीने ही अडचण दूर होते. भिंगांची रचना अशी असते की, दूरची वस्तू आणि आतली फुलीची रेघ ही दोन्ही डोळ्याला एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात. वस्तू मोठी दिसते हा लाभ दुसरा. पहिला आणि मोठा लाभ हा, की तीन गोष्टींऐवजी एकच गोष्ट पाहावी लागते. याच्या उलट बाजूला काय आहे? किंमत आहे, वजन आहे, पावसात भिंगावर चढणारे धुके आहे. जरा धक्का बसला की नेम बिघडतो. आणि नळीतून फार थोडा मुलूख दिसतो. बाजूने कोण येते आहे याचा पत्ताच लागत नाही.

आता जुन्या काळाकडे वळू. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, शिरगाव ही किनाऱ्यावरची ठाणी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत ही ठाणी एकामागून एक मराठ्यांच्या हाती आली. तारापूरचा लढा फार निकराचा झाला. बाजी भीवरावांसारखा मोहरा तिथे पडला. त्या लढ्यात नेमबाजीने काय साधले? फारसे काही नाही. त्या काळच्या तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीची गोळी शंभर पावलांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसे. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी जरा सैल. ती आत आपटत आपटत बाहेर पडायची. अशा बंदुकीवर सोन्याची दुर्बीण बसवली असती तरी फरक पडला नसता. तारापूरची तटबंदी फुटली ती सुरुंगांनी, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा किल्ला शरण आला त्याआधीही बुरुज पाडला तो सुरुंगानेच. बुरुजावरच्या टेहळ्याला मात्र दुर्बीण हवी असे. समुद्रावरचे जहाज आपले की परके हे दोन तास आधी कळले, तर त्या दोन तासांची किंमत फार मोठी. म्हणजे त्याच किनाऱ्यावर, त्याच काळी, टेहळणीची दुर्बीण मोलाची होती आणि बंदुकीवरची निरुपयोगी ठरली असती.

ही स्थिती पालटली ती नळीला आतून पिळाच्या खाचा पाडू लागले तेव्हा. गोळी गरगर फिरत सरळ जाऊ लागली. तीच रायफल. १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्याकडे प्रसिद्ध झालेली एनफिल्ड ही त्याच जातीची. तिच्या मागच्या खाचेवर शेकडो यार्डांच्या खुणा कोरलेल्या होत्या. गोळी आता डोळ्यापेक्षा लांब जाऊ लागली, आणि मग डोळ्याची किंमत किती द्यायची हा प्रश्न खरोखरीच निर्माण झाला.

इथे आपल्या महाराष्ट्राशी संबंध असलेला एक माणूस येतो. त्याचे नाव डेव्हिड डेव्हिडसन. हा स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टन गावचा. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात १८ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीत तो अधिकारी होता. पण त्याची बरीचशी नोकरी पलटणीत न जाता दख्खनच्या जमीन मोजणीत गेली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचा पाया ज्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने घातला, त्याखाली तीन नावे आहेत : गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन. आपल्या सातबाराच्या उताऱ्यावर जो सर्व्हे नंबर असतो त्याची कुळी इथपर्यंत जाते. गोल्डस्मिड-विंगेट ही जोडी आपले विद्यार्थी पाठ करतात. तिसरे नाव कुणाच्या ध्यानात राहत नाही.

याच डेव्हिडसनने हिंदुस्थानात असताना शिकारीच्या बंदुकीवर दुर्बीण बसवून पाहिली होती. मायदेशी परतल्यावर त्याने तो उद्योग सोडला नाही. १८६० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या दुर्बिणीचे पेटंट झाले आणि ती व्हिटवर्थ नावाच्या अत्यंत अचूक रायफलीवर बसवण्यात येऊ लागली. नळीच्या वर नव्हे, डाव्या बाजूला. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांच्या हाती अशा काही रायफली होत्या. १८६४ च्या मे महिन्यात उत्तरेचा सेनापती सेजविक, "इतक्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा टिपता येणार नाही," अशा अर्थाचे बोलत आपल्या शिपायांना धीर देत होता आणि तसाच गोळी लागून पडला, ही कथा प्रसिद्धच आहे.

मग इंग्लंडच्या लष्कराने ही अचूक रायफल सर्वांना दिली का? नाही दिली. १८५७ मध्ये व्हिटवर्थ आणि एनफिल्डची तुलना करून पाहिली होती. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या नेमापासून सरासरी सव्वादोन फूट इकडेतिकडे जात. व्हिटवर्थच्या अर्ध्या फुटाच्याही आत. व्हिटवर्थ निर्विवाद सरस ठरली. पण तिची किंमत एनफिल्डच्या सुमारे चौपट. शिवाय तिची नळी बारीक. चार गोळ्या झाडल्या की दारूचा मळ साचायचा. हिशेब करणाऱ्यांनी विचार केला की, धुराने भरलेल्या रणांगणात, घाबरलेल्या आणि दमलेल्या शिपायाच्या हातात पाचशे यार्डांवरच्या त्या पावणेदोन फुटांचा फायदा उरतो किती? एका उत्तम रायफलीऐवजी चार चांगल्या रायफली मिळत असतील तर सैन्याने चार घ्याव्यात. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. पण तो सर्व प्रसंगी बरोबर होता असेही नाही. सेजविकच्या सैन्याला विचारले असते तर त्यांनी वेगळे सांगितले असते.

आणि गंमत पाहा, हाच हिशेब डेव्हिडसनच्या मंडळींनी आपल्या शेतांच्या बाबतीत आधीच केला होता. जमीन अचूक मोजायची तर थिओडोलाइट नावाचे दुर्बिणीचे यंत्र होते. फार सूक्ष्म, पण फार महाग, आणि ते वापरणारे माणूस आणखी महाग. लाखो शेते त्याने मोजायची तर सारी वसुली मोजणीतच गेली असती. म्हणून शेतांसाठी त्यांनी शंकुसाखळी पत्करली. काटकोन दाखवणारा साधा शंकू आणि ३३ फुटांची साखळी. साखळीचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. शिक्षकांनी हे गणित मुलांना अंगणात दोरी टाकून दाखवावे. गुंठा पुस्तकात कळत नाही, पायाखाली कळतो. गावचा माणूस आठ-पंधरा दिवसांत शिकेल असे हे साधन होते. रायफलीवर दुर्बीण बसवण्याच्या मागे लागलेला माणूस शेतावर मात्र साखळीच पुरे असे मानणाऱ्यांपैकी होता. सावज एक असते आणि शेते असंख्य, हे त्याला कळत होते.

तीच साखळी १८५० नंतरच्या दोन दशकांत ठाणे जिल्ह्यात फिरली, डहाणूच्या रानातही आली. डहाणू-तलासरी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला तो २०१४ च्या ऑगस्टमध्ये. वारल्यांची शेती तोवर तोंडी हक्कावर चाललेली. आता जमिनीला नंबर आला आणि नंबरापुढे नाव आले. नावावर कर्ज काढता येऊ लागले, आणि कर्जापायी नाव बदलताही येऊ लागले. दोन पिढ्यांत डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यातली पुष्कळशी चांगली जमीन जमीनदार आणि सावकारांच्या खात्यावर गेली. १९३९ मध्ये सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याचा आदिवासींच्या स्थितीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. वेठबेगार आणि लग्नगडी यांचे चित्र त्यात सरकारी भाषेतच आलेले आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा पैशापायी नवराबायकोने जन्मभर राबायचे, तो लग्नगडी. हे सारे घडवायला एकही गोळी झाडावी लागली नाही. साखळीने मोजलेल्या जमिनीचा कागद हातात असला की पुरे होते.

गोळी झाडली गेली ती पुढे, वारली उठले तेव्हा. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे परिषद झाली आणि वेठीला नकार देण्याचे ठरले. गोदावरीबाई परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेचे काम रानोमाळ पसरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलासरीजवळ तलवाडा येथे हजारो वारली जमलेले असताना पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. जेठ्या गांगड हे त्यांतले पहिले नाव. जमावाजवळ काठ्या, कोयते, तीरकमठे. तलवाड्याला कुणाला नेम धरावा लागला असेल असे मला वाटत नाही. माणसांच्या दाटीत झाडलेल्या गोळीला माशीही लागत नाही, दुर्बीण तर दूरच राहिली. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. शिक्षकांनी ते मिळवून वाचावे.

तीरकमठ्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. वारली चित्रांत धनुर्धारी माणूस आणि त्याचे सावज नेहमी जवळजवळ काढलेले दिसतात. मला वाटते, ते चित्रकाराने जागा वाचवण्यासाठी केलेले नाही. इथल्या रानात साग, ऐन, बांबू आणि पावसाळ्यात माणसाहून उंच गवत. तीस-चाळीस पावलांपलीकडे दिसतेच काय? तिथे अंतर तोडायचे ते पावलांनी, वाऱ्याची दिशा पाहून, आवाज न करता. तीरकमठ्याचा पल्ला आणि रानातला दृष्टीचा पल्ला जवळपास एकच. बाबा म्हणाले ते हेच.

पुढे १९५४ साली याच सरहद्दीवर शस्त्रांच्या किमतीचा प्रश्न निराळ्या रूपाने आला. तलासरीला लागून असलेली दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीजांकडे होती. ती सोडवण्यासाठी निरनिराळ्या संघटनांचे स्वयंसेवक पुढे आले. जवळ पैसा नाही. संगीतकार सुधीर फडके स्वतः या कामात होते. पैसा उभा करण्यासाठी पुण्याला हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. गाण्याच्या तिकिटांतून शस्त्रे घ्यायची, म्हणजे एकेका रुपयाचा विचार आला. त्या जुलैच्या अखेरीस दादरा आणि नरोली मुक्त झाली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. सिल्वासाचा पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो आपली माणसे घेऊन खानवेलकडे हटला आणि अखेर तलासरीच्या हद्दीतल्या उधव्याला शरण आला. त्याच्या लोकांजवळ बऱ्या रायफली होत्या. स्वयंसेवकांजवळ त्यामानाने काहीच नव्हते. तरी निकाल असा का लागला? कारण चारी बाजूंनी भारताचा मुलूख होता. नगरवाला यांच्या हाताखालच्या राखीव पोलिसांनी वाटा रोखल्या होत्या आणि दमणहून मदत येऊ शकत नव्हती. वरून ऐन पावसाळा, दमणगंगेला पूर. पोर्तुगालने पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा केला तो याच वाटेच्या हक्कासाठी, आणि १९६० मध्ये तिथेही सैन्य नेण्याचा हक्क त्यांना मिळाला नाही.

आता कोणी म्हणेल, ही तर रानातली गोष्ट. उघड्या मैदानात दुर्बिणीचे पैसे वसूल होतातच. बहुतेक होतात. पण तिथेही अट आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये इराकातल्या शैबा येथे लढाई झाली. आपल्या मराठा पलटणीही तिथे होत्या. मैदान अगदी सपाट. पण उन्हात मृगजळ इतके की, माणूस झाडाएवढा दिसे आणि तळे नसलेल्या जागी तळे दिसे. मागून येणारा गाड्यांचा तांडा मृगजळात मोठी कुमक भासली आणि तुर्क मागे हटले, असे तिथली हकीकत सांगणारे लिहितात. भिंग वस्तू मोठी करते तसे मृगजळही मोठे करते.

गुरुजींसाठी एक गणितही देऊन ठेवतो. दुर्बिणीवर ८ × ४० असे आकडे असतात. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार. चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. चाळीसला आठने भागा, पाच आले. इतक्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ती कमी उघडते. म्हणजे मोठ्या भिंगासाठी मोजलेल्या जादा पैशातला प्रकाश म्हाताऱ्या डोळ्यात शिरतच नाही. महागड्या भिंगाची शेवटची किंमत असते ती दिवस मावळतानाच्या त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी. ज्याला त्या वेळी काम आहे त्याने ती द्यावी.

इथल्या शेतकऱ्याला तसे काम नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. खेळातली नेमबाजी उरते. तिथली गोष्ट तर फारच बोलकी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी हे लहानसे गाव. तिथल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यातले दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे म्हणा. आणि त्या खेळात रायफलीवर मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही! बारीक भोकातून, उघड्या डोळ्याने पाहायचे. खर्च असतो, पण तो काडतुसांचा, वर्षानुवर्षांच्या सरावाचा, शिकवणाऱ्याचा.

माझ्याजवळही एक दुर्बीण आहे. मुंबईच्या चोरबाजारात जुनी घेतलेली, एका भिंगावर ओरखडा असलेली. डहाणूच्या किनाऱ्यावर तिने मला खूप आनंद दिला आहे. मासेमारीची नाव क्षितिजावरून येताना आधी डोलकाठी दिसते आणि मग अंग, हे पृथ्वीच्या गोलाईचे प्रमाण मुलांना मी तिच्यातूनच दाखवतो. तलासरीच्या रानात मात्र तिच्यातून मोठाली पाने दिसली, एवढेच.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी बाबा आमच्याबरोबरच डहाणूकडे यायला निघाले. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळापाशी आम्ही उतरलो. तिथे जरा उंचावर उभे राहून मी त्यांच्या हाती दुर्बीण दिली आणि डोंगराच्या टोकावर, जिथे चैत्रातल्या यात्रेत देवीचा ध्वज चढतो, तिकडे पाहा म्हणालो. त्यांनी क्षणभर पाहिले. "ते मला असंच दिसतं की," ते म्हणाले. मग दुर्बीण डोळ्यावरून न काढता त्यांनी ती हळूहळू डोंगराच्या पायथ्याकडे आणली आणि तिथेच बराच वेळ थांबले. गुरुजींनी विचारले, "काय बघता, बाबा?"

"माझा बांध," ते म्हणाले. "शेजाऱ्यानं दगड हलवला काय, ते बघतो."